आवडत्या गोष्टीचा खेळ कसा करायचा?

बोईसरहून आम्ही गटाच्या बाया बोलतोय. आजवर इथून आम्ही पापड-मसाल्याचे हिशेब सांगितले, रेशनकार्डाच्या दुरुस्तीबद्दल सांगितलं, मुलींच्या लोहाच्या गोळ्यांवरही बोललो. आज विषय निराळा आहे. आज खेळाबद्दल बोलायचं आहे, आणि तोही आपल्या, मोठ्या बायकांच्या खेळाबद्दल.

लहानपणी आपण सगळ्याच भातुकली खेळलो. एक आई व्हायची, एक पाहुणी यायची, एक रुसायची. कुणी लिहून दिलेलं नसायचं, तरी कुणी काय बोलायचं ते प्रत्येकीला सुचायचं. लग्न झालं, चूल खरी झाली आणि तो खेळ सुटला. आता आमच्या गटात तो पुन्हा सुरू झालाय. फरक एवढाच की आता चूलबोळकी नाहीत, एक आवडती कादंबरी असते. तिच्या आत शिरून आम्ही खेळतो. कसं, ते आज सांगतो. आम्ही पहिल्यांदा सपशेल फसलो होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सुरुवात कशी झाली

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी बारावी झाली आणि घरी बसली होती. वाचनालयातून हॅरी पॉटरची मराठी पुस्तकं आणून वाचायची. एक दिवस पुस्तक मिटून आईला म्हणाली, "पुस्तक संपलं गं, पण मला अजून तिथंच राहायचंय." आईनं ते हसत हसत बैठकीत सांगितलं. आम्ही हसलो, पण नंतर वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? चांगली गोष्ट संपली की आपल्यालाही असंच होतं.

मुलीनंच मग सांगितलं की असा एक खेळ आहे. इंग्रजीत त्याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच जणांनी गोल बसायचं. एकीनं सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. सूत्रधार सांगणार, "तुम्ही किल्ल्याच्या दाराशी आलात, आत दिवा दिसतोय." मग विचारणार, "आता काय करता?" प्रत्येकीनं आपल्या पात्राच्या वतीनं उत्तर द्यायचं. जे करायला सोपं असेल ते होतं. जिथं जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. बोलत बोलत गोष्ट पुढं जाते, आणि शेवट काय होणार ते कुणालाच माहीत नसतं.

या प्रकारचा पहिला छापील खेळ 1974 साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो केला. त्याचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. ते लोक अद्भुत कादंबऱ्यांचे नादी होते. वाचलेल्या गोष्टींतले बुटके, राक्षस, जादूगार उचलून त्यांनी खेळात घातले. तेव्हापासून कितीतरी कादंबऱ्यांवर असे खेळ निघाले.

तसं पाहिलं तर आपल्याकडेही हे अगदी नवीन नाही. आपली सापशिडी पूर्वी मोक्षपट म्हणून खेळत. चांगल्या गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप, म्हणजे अख्खी शिकवणच खेळात उतरवलेली. आणि आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याला बोहाडा होतो, तो तर बऱ्याच जणींनी पाहिला असेल. रात्रीच्या वेळी देवांचे, दैत्यांचे मुखवटे घालून माणसं एकामागून एक नाचत येतात. एकेक सोंग निघतं आणि शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. पुराणातली गोष्ट माणसांनी अंगावर घ्यायची, ही रीत तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहे. फरक इतकाच की बोहाड्यातला शेवट ठरलेला असतो. दैत्य जिंकला असं कधी होत नाही आणि होऊही नये, तो देवाचा उत्सव आहे. आपल्या खेळात शेवट मोकळा असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आमची पहिली फजिती

कोणती गोष्ट घ्यायची यावर फार वाद झाला नाही. आमच्यातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांना एकच आठवली, चंद्रकांता. 1994 पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर ती मालिका लागायची. ज्या घरी टीव्ही त्या घरी अख्खी आळी. क्रूरसिंह दिसला की पोरं "यक्कू" म्हणून ओरडायची. मालिकेच्या मागे पुस्तक आहे हे मात्र आमच्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक नव्हतं. देवकीनंदन खत्री यांनी ती हिंदी कादंबरी 1888 च्या सुमाराला लिहिली. मालिकेनं तिच्यात पुष्कळ बदल केले. आम्ही पुस्तकच धरलं.

ज्यांनी पाहिली-वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विजयगढची राजकन्या चंद्रकांता, नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह. दोघांचं प्रेम. मध्ये आडवा येतो दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह, आणि पुढं चुनारगढचा राजा शिवदत्त. दोन्ही बाजूंना ऐयार आहेत. ऐयार म्हणजे वेषांतर करणारे, कमंद टाकून भिंत चढणारे, बेशुद्धीची पूड हुंगवून माणूस पळवणारे हेर. चंद्रकांतेची मैत्रीण चपला ही स्वतः पक्की ऐयारा आहे. आणि तिलिस्म आहे, म्हणजे कळी-किल्ल्यांनी बांधलेली मायावी जागा. शिरलं की बाहेर पडणं कठीण. चंद्रकांता आणि चपला त्यात अडकतात आणि वीरेंद्रसिंह तिलिस्म फोडतो.

आम्ही काय केलं? ही गोष्ट जशीच्या तशी खेळायला घेतली. शनिवारी हप्ते गोळा करून झाले, वही मिटली आणि पात्रं वाटली. चंद्रकांता व्हायला दोघी भांडल्या. शेवटी चिठ्ठी टाकली. जिला मिळाली ती आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी. आपण तिला वहिनी म्हणू. वहिनी खूश झाली.

मग खेळ सुरू झाला. वीरेंद्र झालेली बाई घोड्यावर बसली, तेजसिंह झालेलीनं वेष बदलला, क्रूरसिंहानं डाव टाकले. गोष्टीप्रमाणे चंद्रकांता तिलिस्मात अडकली. आणि त्यानंतर तासभर तिला काही कामच उरलं नाही! बाकीच्या तिला सोडवायच्या खटपटीत, आणि ती भिंतीला टेकून बसलेली. त्यातच ज्यांना शेवट माहीत होता त्या मध्येच म्हणायच्या, "असं नाही, पुस्तकात तसं आहे." सूत्रधार सगळ्यांना ओढून पुन्हा पुस्तकाच्या वाटेवर आणायची. शेवटी कंटाळून आम्ही चहा ठेवला.

चहा पिताना वहिनी म्हणाली, "घरीही मी अशीच बसते. इथंही तेच करायचं का?"

ती हे रागानं बोलली नव्हती, पण आमच्या हातातले कप थांबले. चूक कुठं झाली ते तिच्या त्या बोलण्यानं कळलं. आम्ही गोष्टीची घटना उचलली होती. उचलायचं होतं गोष्टीचं जग.

गोष्टीतून काय उचलायचं, काय ठेवायचं

मैत्रिणींनो, आजचा सगळा मुद्दा हाच आहे. कादंबरीत लेखकानं एका माणसाची वाट आखून दिलेली असते. ती वाट आपण खेळात आणली तर खेळणारीला करण्यासारखं काही राहत नाही, तिनं फक्त चालायचं. म्हणून वाट सोडून द्यायची आणि गाव घ्यायचं. खळ्यातलं भात उचलायचं, पेंढा मागं ठेवायचा, तसं.

आम्ही एक वही केली आणि तिची चार पानं पाडली.

पहिलं पान जागांचं. विजयगढ, नौगढ, चुनारगढ, मधलं रान, तिलिस्म. प्रत्येक जागेपुढं दोनच ओळी. तिथं काय मिळतं आणि तिथं कशाची भीती आहे.

दुसरं पान माणसांचं. पण राजा-राणीपाशी थांबायचं नाही. त्या राज्यात पाणी कोण भरतं? दाराची किल्ली कुणाकडं असते? राजवाड्यातले कपडे कोण शिवतं? पुस्तकात ज्यांना नाव नाही त्यांच्यातूनच खेळायला चांगली पात्रं निघतात, कारण त्यांचं पुढं काय होणार ते लेखकानं लिहिलेलं नसतं.

तिसरं पान नियमांचं. अद्भुत गोष्टीत जादू असते, पण चांगल्या गोष्टीत त्या जादूला मर्यादा असते. ऐयार वेष बदलतो, पण त्याला वेळ लागतो, बटव्यात सामान लागतं, आवाज चुकला तर पकडला जातो. बेशुद्धीची पूड आहे, तशी शुद्धीवर आणायला लखलखा नावाची हुंगायची वस्तूही आहे. आणि आम्हाला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे पकडलेल्या ऐयाराला ठार मारत नाहीत, कैद करतात. खेळासाठी हा नियम सोन्यासारखा आहे. हरलं म्हणजे संपलं असं होत नाही. हरलं म्हणजे कैद, आणि कैदेतून पुढची गोष्ट सुरू होते. तुम्ही कोणतंही पुस्तक घ्या, त्यातले असे दोन-तीन नियम शोधून काढा. ते सापडले की त्या पुस्तकाची चव खेळात आपोआप येते.

चौथं पान पेचाचं. इथं शेवट लिहायचा नाही. कोण काय मागतंय आणि कुणाच्या आड कोण येतंय, एवढंच लिहायचं. आमचा पेच असा होता: चुनारगढचा राजा येत्या पंधरा दिवसांत विजयगढवर येणार आहे. तो का येतोय त्याचं कारण तिलिस्मात लिहिलेलं आहे. ते वाचायला कुणीतरी आत गेलं पाहिजे. पुढं काय ते खेळणाऱ्या ठरवतील.

हॅरी पॉटर घेतलंत तरी हीच रीत. हॅरीला बाजूला ठेवा, शाळा घ्या. त्याच शाळेत, त्याच वर्षी, दुसऱ्या वर्गात शिकणाऱ्या तुम्ही पाच मुली. एवढं केलं की दार उघडलं.

गोष्ट आपल्या गावी आणायची

खत्रींबद्दल एक गोष्ट कळली ती सांगण्यासारखी आहे. ते जंगलाचे ठेके घेत. त्या निमित्तानं चकिया आणि नौगढच्या रानात, पडक्या किल्ल्यांतून ते हिंडले होते. तिथलं पाहिलेलंच त्यांच्या कादंबरीत आलं. म्हणजे तिलिस्म काही आभाळातून पडलं नाही, पायाखालच्या जमिनीतून आलं. मग आपण आपली जमीन का वापरू नये?

आम्ही नकाशा काढायला बसलो तेव्हा चुनारगढ कसा दिसतो ते कुणालाच सांगता येईना. पण तारापूरचा किल्ला माहीत होता. काळदुर्ग माहीत होता, वाघोबाच्या खिंडीतून जाताना वर दिसतो तो. अशेरीचा डोंगर हायवेवरून सगळ्यांनी पाहिलेला. सूर्या नदी माहीत, खाडी माहीत. नावं आम्ही पुस्तकातलीच ठेवली, पण डोळ्यांपुढं आपला मुलूख धरला. तिलिस्म खाडीच्या तोंडाशी ठेवलं. दार पाण्याखाली, ओहोटी लागली की उघडं पडणारं.

याचा फायदा काय झाला ते ऐका. आमच्यात दांडीकडच्या एक मावशी आहेत, मासळी विकतात. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "मला वाचता येत नाही, मी नुसती बघते." दुसऱ्या खेळाला आम्ही त्यांना होडीवाली केलं. सूत्रधार म्हणाली, "आज षष्ठी आहे. दार संध्याकाळी सहाला उघडेल." मावशी ताडकन म्हणाल्या, "कसं उघडेल? षष्ठीची भरती साडेचारला. सहाला पाणी नुकतं उतरायला लागलेलं असेल. ओहोटी पुरी व्हायला साडेदहा-पावणेअकरा होतील. रात्रीच निघावं लागेल."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब त्यांना तोंडपाठ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सूत्रधारानं वहीतली वेळ खोडली आणि मावशींची लिहिली. त्या दिवसापासून तिलिस्माचं वेळापत्रक मावशींच्या हातात आहे. वाचता न येणारी बाई खेळातली सगळ्यात जाणती ठरली, कारण गोष्ट तिच्या खाडीवर आली होती.

तुमच्याकडं खाडी नसेल तर घाट असेल, धरण असेल, साखरेचा कारखाना असेल. आपल्या बायांना काय ठाऊक आहे ते आधी पाहा आणि गोष्टीचं कुलूप त्याच किल्लीचं करा.

फासा चिंचोक्यांचा

बाहेरच्या देशात या खेळाला वीस बाजूंचे फासे लागतात. आपल्याला चिंचोके पुरतात. चिंचोका फोडला की दोन फाका होतात, आतली बाजू पांढरी, बाहेरची काळपट. अशा 5 फाका घ्या. ओंजळीत हलवून टाका आणि पांढऱ्या किती पडल्या ते मोजा.

काम सोपं असेल तर 2 पांढऱ्या पुरेत. मध्यम असेल तर 3 लागतील. अवघड असेल तर 4. हे आकडे उगीच धरलेले नाहीत. पाच फाका पडण्याचे एकूण 32 प्रकार होतात. त्यांतल्या 26 प्रकारांत दोन किंवा जास्त पांढऱ्या येतात, 16 प्रकारांत तीन किंवा जास्त, आणि फक्त 6 प्रकारांत चार किंवा जास्त. म्हणजे सोपं काम बहुतेक वेळा जमतं, मध्यम निम्म्या वेळा, अवघड क्वचित. आपल्या रोजच्या जगण्यासारखंच. ज्या पात्राचा त्या कामात हात बसलेला आहे तिला एक फाक पुन्हा टाकू द्यायची. मावशींना होडीच्या कामात, ऐयारा झालेलीला वेष बदलण्यात.

प्रत्येक पात्राची चिठ्ठी पाच ओळींची करा. नाव काय. कशात हात बसलाय. काय अजिबात जमत नाही. घरी मागं कोण आहे. तिला काय हवंय. ही शेवटची ओळ रिकामी ठेवू नका. आमच्याकडं लिहिताना सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागला. नवऱ्याला काय हवं, मुलाला काय हवं ते प्रत्येकीनं लगेच सांगितलं. तुला काय हवं म्हटलं की पेन थांबायचं.

आणि फासा प्रत्येक गोष्टीला टाकायचा नाही. दार ढकलायला फासा लागत नाही. जिथं दोन्ही निकालांनी गोष्ट पुढं जाईल तिथंच टाका. फासा चुकला की "काही झालं नाही" असं सूत्रधारानं म्हणायचं नाही. काहीतरी झालंच पाहिजे. पहारेकरी जागा होतो, दिवा विझतो, होडी वाहून जाते.

गोष्ट कुणाची आहे, ते विचारा

आता एक जपून करायची गोष्ट. गोष्टींनाही मालक असतात, आणि ते दोन प्रकारचे.

एक कायद्याचा. आपल्या देशात लेखक गेल्यावर 60 वर्षांपर्यंत पुस्तकाचा हक्क त्याच्या वारसांकडं किंवा प्रकाशकाकडं राहतो. खत्री 1913 साली गेले, त्यामुळं त्यांची कादंबरी आता सगळ्यांची आहे. मराठीत 'वीरधवल' लिहिणारे नाथमाधव 1928 साली गेले, त्यांचंही तसंच. हॅरी पॉटरच्या लेखिका हयात आहेत, ते पुस्तक त्यांचं आहे. गटात बसून मौजेनं खेळायला कुणाची हरकत नसते. पण खेळ छापून विकायचा असेल, त्याचा कार्यक्रम प्रसारित करायचा असेल, तर परवानगी लागते. टीव्हीवरची चंद्रकांता ही पुस्तकापेक्षा वेगळी वस्तू आहे, तिचे संवाद-संगीत उचलू नका. त्या डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनाही हे भोवलं होतं. इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या कादंबरीतले बुटके त्यांनी हॉबिट या नावासकट घेतले होते. हक्क असलेल्यांनी हरकत घेतली, तेव्हा नाव बदलून हाफलिंग करावं लागलं.

दुसरा मालक कायद्याच्या कागदावर नसतो. आमच्यात बेटेगावकडच्या एक वारली ताई आहेत. एकदा आम्हीच उत्साहानं म्हटलं, "तुमच्याकडची कणसरीची गोष्ट घेऊ या का खेळायला?" ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती खेळायची नाही. कणसरी आमची धान्याची देवी. तिचं गाणं भगत म्हणतात, त्याची वेळ असते. लग्नातली गाणी धवलेरीच म्हणते. आम्हीसुद्धा वाटेल तेव्हा म्हणत नाही." आम्ही विषय तिथंच सोडला. बोहाड्याच्या मुखवट्यांचंही तसंच, ती खेळणी नव्हेत. ताईंनी मात्र आपल्या मनानं दुसरं काही दिलं. रानात वाट चुकली तर काय करायचं, कोणत्या झाडाखाली थांबायचं नाही, पाणी कुठं लागेल, हे सगळं त्या खेळात सांगतात. काय द्यायचं आणि काय राखायचं ते त्यांनी ठरवलं. तुमच्या गटात वेगवेगळ्या समाजाच्या बाया असतील तर हे आधी विचारा. विचारलं की माणूस दुखावत नाही.

दुसऱ्यांदा चंद्रकांता

आता वहिनीचं सांगतो. दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं होतं की चंद्रकांतेचं पात्र कुणी घ्यायचंच नाही. पण वहिनी म्हणाली, "मलाच पाहिजे. आणि तिलिस्मातच ठेवा मला."

सूत्रधार असलेल्या मुलीनं मग चांगली युक्ती केली. तिलिस्माच्या आतलं सगळं तिनं वहिनीच्या स्वाधीन केलं. भिंतींवर अक्षरं कोरलेली आहेत, ती आत असलेल्यालाच वाचता येतात. कोणती कळ दाबली की कोणतं दार हलतं, ते तिलाच कळणार. बाहेरच्यांकडं होडी, भरतीचा हिशेब आणि रानाची वाट. आतल्या बाईवाचून बाहेरच्यांचं अडणार, बाहेरच्यांवाचून तिचं.

खेळ रंगला. ऐयारा झालेली शिलाईवाली ताई पहारेकऱ्याच्या वेषात आत शिरायला गेली. अवघड काम, 4 पांढऱ्या हव्या होत्या. पडली एक. पकडली गेली आणि नियमाप्रमाणे कैद होऊन तिलिस्मात आली. आता आत दोघी. रात्री पावणेअकराला ओहोटी, मावशींची होडी दाराशी लागलेली. आणि वहिनीनं भिंतीवरचा नियम वाचला: एका ओहोटीला एकच जण बाहेर पडू शकेल.

कोण जाणार? यावर आमचा पाऊण तास गेला. घरी वरण गार होत होतं, कुणी उठलं नाही. बाहेरच्या सगळ्या म्हणत होत्या, "राजकन्या आधी." पुस्तकाप्रमाणे सोडवायचं ते तिलाच. वहिनीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई जाईल. तिला वेष बदलता येतो, ती विजयगढला निरोप पोचवील. मी मागनं येते. अजून एक भिंत वाचायची राहिलीय."

पहिल्या खेळातही ती आतच राहिली होती आणि दुसऱ्यातही. पण पहिल्यांदा आम्ही तिला बसवलं होतं, दुसऱ्यांदा ती थांबली होती.

त्यानंतर महिन्याभरानं कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा माणूस वस्तीत आला. फॉर्मवर सह्या घेत फिरत होता. आमच्यातल्या तिघींनी केल्याही होत्या. वहिनी म्हणाली, "आधी वाचून दाखवा. सगळं." तो म्हणाला, "वेळ नाही." ती म्हणाली, "मग उद्या या." वाचल्यावर कळलं की एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा होता, आणि व्याज तोंडी सांगितलं त्याहून जास्त होतं. खेळामुळं हे झालं असं आम्ही म्हणणार नाही. वहिनी आधीपासूनच हुशार होती. आम्ही मात्र तिला असं ठामपणे बोलताना पहिल्यांदा ऐकलं ते तिलिस्मात. ज्या तिघींनी सह्या केल्या होत्या त्यांचं काय करायचं, ते अजून निस्तरतोय.

तुम्ही सुरू करताना

एकदम मोठं जग करू नका. तीन जागा, चार पात्रं आणि एक पेच पुरे. खेळ दीड तासात थांबवा, उरलेलं पुढच्या शनिवारी. सूत्रधार दर दोन-तीन खेळांनी बदला, नाहीतर तीच एकटी बोलत राहते. नको असलेला प्रसंग आला, कुणाला जुनी दुखरी आठवण झाली, तर हात वर करायचा. कारण विचारायचं नाही, खेळ दुसरीकडं वळवायचा. मुलींना सोबत घ्या. पुस्तकं त्यांनी वाचलेली असतात आणि मुलूख आपल्याला माहीत असतो, दोन्ही लागतं.

आमच्या खेळात चंद्रकांता अजून तिलिस्मात आहे. शेवटची भिंत वाचून झाली आहे, तिच्यावर काय लिहिलंय ते वहिनीनं कुणाला सांगितलेलं नाही. सूत्रधारालाही नाही. येत्या शनिवारी दशमी आहे. मावशींचा हिशेब सांगतो की भरती साडेसातला, म्हणजे ओहोटी दीड-पावणेदोनला. तेव्हा काय होतं ते पुढं कधीतरी सांगू. तोवर तुम्ही चिंचोके फोडून ठेवा.

येतो आम्ही. नमस्कार.